अक्कांच्या श्वासावर नजर

माझं काम नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना कधीच नीट पटलं नाही. ऑपरेशन सर्जन करतो, औषधं सिस्टर देते, मग तू तिथे उभी राहून काय करतेस, असं त्या विचारायच्या. मी म्हणायची, "मी श्वास बघते." त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा, की एवढं शिकवून पोरीला कुणीतरी फसवलंच. शेजारणींना मात्र त्या ठसक्यात सांगायच्या, की आमची सून लोकांना गुंगी देते. नव्या माणसाला वाटायचं, मी रेल्वेत बिस्किटं वाटून प्रवाशांना लुटणाऱ्यांच्या टोळीत आहे.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. भूल देण्याचं शिक्षण संपवून मी लग्न होऊन सोलापुरात आले आणि गावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात कामाला लागले. भूल देणं म्हणजे सुई टोचून माणूस झोपवणं, असं लोकांना वाटतं. झोपवणं सोपं असतं. कंटाळवाणं भाषण करूनही माणसं झोपतात. पण औषधानं झोपलेला माणूस कधीकधी श्वास घ्यायचं विसरतो, आणि तो विसरला तर त्याच्या वतीनं आठवण ठेवायला कुणीतरी उभं असावं लागतं. ते काम माझं.

श्वास बघायला आमच्याकडे कसलंही यंत्र नव्हतं. आता बोटाला चिमटा लावतात आणि पडद्यावर आकडे उमटतात. तेव्हा दोन डोळे, एक तळहात आणि कापूस एवढीच सामग्री. कापसाची अगदी बारीक बट काढायची आणि चिकटपट्टीनं रुग्णाच्या वरच्या ओठावर, नाकपुडीच्या खाली लावायची. ती हलते आहे तोवर श्वास चालू आहे. शिवाय एक बोट नाडीवर आणि नजर पोटावर. पोट वर येतं, खाली जातं. ते बघत राहायचं, बोलायचं नाही आणि कुणी विनोद केला तरी तिकडे वळायचं नाही.

याला सोलापुरात एकच अडचण होती, ती म्हणजे पंखा. छताचा पंखा फिरत असेल तर कापूस भिंतीला चिकटवला तरी हलतो. म्हणून मी खोलीत शिरले की आधी पंखा बंद करायला लावायची. एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी, पत्र्याच्या छपराखाली पंखा बंद करणाऱ्या बाईविषयी लोकांना काय वाटत असेल, ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे मला पाठीमागे 'पंखाबंद मॅडम' म्हणत. तोंडावर नुसतं 'मॅडम' म्हणत आणि कपाळाचा घाम जरा जास्तच दाखवून पुसत.

कामाची सवय घरीही यायची. लग्नाच्या पंगतीत समोरच्या गृहस्थांचं पोट किती भरलंय यापेक्षा ते किती वेळानं हलतंय, याकडे माझं लक्ष असायचं. मामंजी दुपारी आरामखुर्चीत झोपले की त्यांचा श्वास मध्येच बराच वेळ थांबायचा. मी हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची. एकदा त्यांनी डोळे उघडले, तर सून हातात उलथनं घेऊन टक लावून बघतेय. त्यांनी त्या दिवसापासून दुपारची झोप शेजारच्या खोलीत, दार लावून घ्यायला सुरुवात केली.

आमच्या दवाखान्यात हृदयाचं बघणारे एक डॉक्टर होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. बुटके, गोल आणि कमालीचे उत्साही. त्यांनी खटपट करून मुंबईहून एक यंत्र आणवलं. हृदयाचा ताल बिघडला की छातीवर विजेचा झटका देऊन तो ताळ्यावर आणायचा, हे त्याचं काम. रेल्वेनं, गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यातून ते आलं. सरांनी त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ वाढवला, पेढे वाटले. यंत्राला एक छोटा पडदा होता आणि त्यावर हिरवी रेघ नाचायची. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ती रेघ दाखवायचे. नवीन जावयाचं कौतुक होतं तेवढं त्या यंत्राचं झालं. फक्त त्याला लायक असा रुग्ण मिळत नव्हता, आणि सर त्या काळात कुणाचीही नाडी धरायला फार आशेनं जायचे.

मग अक्का आल्या.

शुक्रवार पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागेच घर. लिंगायत कुटुंब, घरात कन्नड, दुकानात मराठी आणि भांडायचं असेल तर दोन्ही. अख्खी पेठ त्यांना अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पन्नाशीच्या आतबाहेर असतील. त्यांच्या हातची शेंगाचटणी इतकी नावाजलेली, की मोहोळकडची गिऱ्हाइकं बाजाराला आली की आधी ती बांधून घ्यायची. ती चटणी उखळात कुटावी लागते, आणि गेल्या काही महिन्यांत अक्कांना चार घाव घातले की धाप लागायला लागली होती. सरांनी तपासलं. हृदय ताल सोडून वेडंवाकडं धावत होतं आणि औषधांना जुमानत नव्हतं. असंच धावत राहिलं तर ते दमून बसेल, असं सरांनी घरच्यांना सांगितलं. चेहरा गंभीर ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण डोळे यंत्राच्या खोलीकडे लागले होते.

झटका द्यायचा तर माणूस झोपलेला हवा, कारण जागेपणी तो सोसवत नाही. आणि झोपवायचं तर श्वासाची जोखीम आली, म्हणून मला बोलावलं. आदल्या दिवशी मी अक्कांना बघायला वॉर्डात गेले, तेव्हा त्यांचे यजमान बाहेरच्या व्हरांड्यात उभे होते. उंच, पांढरी टोपी, कपाळाला भस्म. बायकोच्या खाटेपाशी ते क्षणभर थांबायचे, खिडकीकडे बघत "काय पायजे का?" असं विचारायचे आणि लगेच बाहेर यायचे. चारचौघांत बायकोकडे बघणं त्यांच्या पिढीला जमत नसे. बायकोही पदर सावरून भिंतीला उत्तर द्यायची. खिडकी आणि भिंत यांच्यामार्फत या दोघांचा संसार तीस-पस्तीस वर्षं सुरळीत चालला होता.

त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं विचारून घेतलं. दुकानदाराचे प्रश्न होते, एकही वायफळ नाही. मशीन हृदयाकडं बघतंय, तर श्वासाकडं कुठलं मशीन बघतंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मशीन नाही, मी बघते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी तेव्हा फार बारीक होते आणि वयानं आणखी लहान दिसायची. "एकट्याच?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "उठंल न्हवं ती?"

आम्हाला शिकवलं होतं की अशा वेळी "आम्ही प्रयत्न करू" एवढंच म्हणायचं. पण त्या माणसाचा चेहरा बघून माझ्या तोंडून "उठतील" असं निघून गेलं. घरी जाताना टांग्यात मला त्याची काळजी वाटायला लागली. दिलेला शब्द माझा होता आणि श्वास दुसऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांना खोलीत आणलं. दारातून आत येताना त्या मागे वळून यजमानांना कन्नडात म्हणाल्या, "अंजब्याडरी." भिऊ नका. एवढं कन्नड मला येत होतं. ज्याला झटका बसायचा नव्हता त्याला ज्याला बसायचा होता तो धीर देत होता, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

सरांची तयारी झाली होती. पडद्यावर रेघ नाचत होती. सिस्टरनं पंखा बंद केला आणि दोनच मिनिटांत सगळ्यांचे चेहरे तेलकट दिसायला लागले. छातीवर धातू नको, म्हणून सिस्टरनं मंगळसूत्राला हात लावला, तर अक्कांची काही हरकत नव्हती. मग तिनं गळ्यातल्या दुसऱ्या दोऱ्याला हात घातला. त्याला चांदीची छोटी डबी होती आणि तिच्यात त्यांचं इष्टलिंग. अक्कांनी सिस्टरचं मनगट असं धरलं, की आजारी बाईच्या हातात एवढी ताकद आहे हे बघून सरांना जरा वाईटच वाटलं असावं.

"ते मालकांचं हाय, सरकवा कुटंबी," त्या मंगळसूत्राविषयी म्हणाल्या. "ह्ये न्हाय. ह्ये अंगावेगळं करत न्हाईत."

लिंगायतांत इष्टलिंग जन्मभर अंगावर असतं. ते अंगावरून उतरलं तर अन्नपाणीही घेत नाहीत. हे मला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. पण डबी नेमकी तिथे लोंबत होती, जिथे यंत्राची चकती ठेवायची होती. सर आधी गोड बोलले, मग शास्त्र बोलले, मग घाम पुसत गप्प बसले. अक्का नुसत्या छताकडे बघत होत्या. त्यांना घाई नव्हती.

तोड मी काढली आणि त्या वेळी मला तिचा फार अभिमान वाटला. लिंगपूजा करताना लिंग डाव्या तळहातावर घेतात आणि त्याच्याकडे बघत जप करतात, हे मी शेजारच्या घरी पाहिलेलं होतं. मी म्हटलं, डबी तुमच्या डाव्या तळहातावर ठेवू, वर बँडेज गुंडाळू. छातीपासून लांबही राहील आणि अंगावरही राहील. अक्कांनी विचार केला. मग मान हलवली. मी उत्साहाच्या भरात आणखी पुढे गेले. एरवी मी रुग्णाला झोप लागेपर्यंत अंक मोजायला सांगायची. त्यांना म्हटलं, अंक नको, तुम्ही रोजच्यासारखी पूजाच करा, मनात जप करा, तोवर झोप लागेल. सर माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. मीही स्वतःकडे कौतुकानंच बघत होते.

बँडेज बांधलं. अक्कांनी मूठ छातीपासून दूर, पण दिसेल अशी धरली आणि अर्धे डोळे मिटून जप सुरू केला. मी ओठावर कापूस लावला आणि शिरेतून औषध हळूहळू सोडायला लागले.

थकलेल्या हृदयाचं रक्त सावकाश फिरतं, त्यामुळे शिरेत सोडलेलं औषध डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. मला ते ठाऊक होतं आणि मी थांबायला तयार होते. सर थांबायला तयार नव्हते. किती दिवस वाट बघितलेली, त्यात पंखा बंद. थोड्या वेळानं त्यांनीच वाकून मोठ्यानं विचारलं, "अक्का, नाव काय तुमचं?" उत्तर नाही. "अक्का, दुकान कुठे आहे?" उत्तर नाही. सर म्हणाले, झोपल्या. सिस्टरलाही तसंच वाटलं. कापूस हलत होता, अगदी छान, संथ. पापणीला बोट लावून ती फडफडते का बघावं म्हणून मी हात पुढे केला, तोच सरांनी दोन्ही चकत्या उचलल्या आणि नियमाप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाले, "दूर व्हा."

आणि कापूस थांबला.

श्वास बंद पडला असं समजून मी काळ्या रबरी पिशवीकडे हात नेला, जी दाबून रुग्णाच्या छातीत हवा भरतात. पण झोपेत श्वास बंद पडतो तो असा नाही. आधी तो उथळ होतो, जबडा ढिला पडतो, घशात घरघर येते आणि मग तो हरवतो. हा श्वास हरवलेला नव्हता. "दूर व्हा" म्हटल्याबरोबर थांबला होता. छाती भरलेली होती आणि जबडा घट्ट होता. ज्याला भीती वाटते तोच श्वास रोखून धरतो, आणि झोपलेल्या माणसाला भीती वाटत नाही.

"थांबा सर," मी ओरडलेच. "त्या जाग्या आहेत."

सरांचे हात हवेतच राहिले. सिस्टर माझ्याकडे बघत होती. मी अक्कांच्या कानाशी वाकून म्हटलं, "अक्का, जाग्या आहात ना? मान हलवा." मान हलली. तोंडातून शब्द मात्र नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूजा करायला मीच सांगितलं होतं. पूजेत मौन पाळतात. पूजा चालू असताना हृदयाचे मोठे डॉक्टर नाव विचारोत नाहीतर गाव विचारोत, अक्का उत्तर देणार नव्हत्या. माझी अक्कलहुशारी त्यांच्या अंगाशी येण्यात फक्त सरांचं बोट दाबायचं राहिलं होतं.

सरांनी चकत्या खाली ठेवल्या. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. मी आणखी थोडं औषध दिलं. या वेळी सगळ्यांनी वाट बघितली. हळूहळू मूठ सैल झाली, जबडा खाली आला, बारीकसं घोरणं सुरू झालं. मी पापणीला बोट लावलं, खांदा हलवला, कानात हाक मारली. मग सरांकडे बघून मान हलवली. त्यांनी पुन्हा चकत्या उचलल्या. झटक्याच्या त्या क्षणी रुग्णाला कुणीही शिवायचं नसतं, प्राणवायूची नळीही बाजूला करायची असते. तेवढा वेळ मी नुसती बघणारी उरते, आणि ते मला कधीच आवडलं नाही. अक्कांचं अंग एकदा उसळलं आणि खाली पडलं.

पडद्यावरची रेघ क्षणभर सरळ झाली. मग एक उंचवटा, मग तेवढ्याच अंतरावर दुसरा, मग तिसरा. सर आनंदानं जवळजवळ नाचले. बघा, बघा, म्हणत त्यांनी सिस्टरला बोलावलं, वॉर्डबॉयला बोलावलं, दारातून डोकावणाऱ्या झाडूवाल्या मावशींनाही बोलावलं. सगळे पडद्याभोवती जमले. मुलाचं बारसं असल्यासारखी गर्दी झाली.

कापूस हलत नव्हता.

या वेळी तो खरंच हलत नव्हता. पोटही नाही. पहिलं औषध वाटेत रेंगाळत होतं, ते आता दुसऱ्याच्या जोडीनं पोचलं होतं. मी जबडा वर उचलला. काही नाही. कापूस काढून फेकला, मास्क तोंडावर दाबला आणि काळी पिशवी दाबायला सुरुवात केली. मी दाबलं की छाती वर येत होती. सोडलं की खाली जात होती. मी थांबले की सगळंच थांबत होतं. मला भीती वाटली. फार भीती वाटली. हृदय इतकं सुंदर चाललं होतं, की सगळे त्याच्या कौतुकात होते, आणि मी इथे एका बाईचा श्वास हातानं ओढत होते. बाहेरच्या बाकावर जो माणूस बसला होता त्याला मी "उठतील" असं सांगून बसले होते.

सरांनी मागे वळून बघितलं. त्यांनी एका क्षणात सगळं ओळखलं, लोकांना बाहेर काढलं आणि माझ्या शेजारी येऊन नाडी धरून उभे राहिले. इतका वेळ बडबडणारा माणूस अगदी गप्प उभा होता, आणि मला त्यांचा तेव्हा फार आधार वाटला. मी दाबत राहिले. माझा घाम अक्कांच्या कपाळावर पडत होता आणि सर तो आपल्या रुमालानं पुसत होते.

बराच वेळ गेला असावा. मग मी दाबायच्या आधीच पिशवी माझ्या हातात जराशी आकसली. मी हात सैल सोडला आणि वाट बघितली. ती पुन्हा आकसली, या वेळी नीट. अक्का आपल्या आपण श्वास ओढत होत्या. मी पिशवी सरांना दिसेल अशी धरली. सरांनी पिशवीकडे बघितलं आणि जाऊन स्वतःच्या हातानं पंखा लावला.

अक्का जाग्या झाल्या तेव्हा त्यांनी आधी डावा हात चाचपला. मी बँडेज सोडून डबी त्यांच्या गळ्यात घातली, मगच त्यांनी माझ्याकडे बघितलं. या औषधानं माणूस मधलं बरंचसं विसरतो. अक्का काही विसरल्या नव्हत्या. मी विचारलं, "सर हाका मारत होते, चकत्या छातीवर येत होत्या. तुम्ही जाग्या होतात, तर बोलला का नाहीत?"

"पूजेत बोलत न्हाईत की," त्या म्हणाल्या. मग डबी पदराखाली सारत म्हणाल्या, "मला वाटलं, जागंपणीच सोसायचं असतंय. चार लेकरं झाली, तवा कुटं कुणी निजवलं व्हतं."

मी हसायला लागले आणि मध्येच हसू थांबलं. एवढा मोठा झटका अंगावर घ्यायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्याबद्दल कुणाला विचारायचं असतं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि नाडी बघत असल्यासारखं केलं.

त्यांना वॉर्डात नेलं. औषधाची गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. मध्येच डोळा लागायचा, म्हणून मी खाटेशी बसून राहिले. यजमान येऊन पायथ्याशी उभे राहिले आणि खिडकीकडे बघू लागले. एवढ्यात सर्जनचा निरोप आला, की एक अडलेली बाई आणली आहे, ताबडतोब या. वॉर्डात एकच सिस्टर आणि सगळ्या खाटा भरलेल्या. मी इकडेतिकडे बघितलं आणि यजमानांना म्हटलं, "इथे स्टुलावर बसा. यांच्या पोटाकडे बघत राहायचं. वर येतंय, खाली जातंय, असं. थांबलं असं वाटलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. दुसरीकडे बघायचं नाही."

ते गडबडले. असं कसं चारचौघांत, असं काहीतरी पुटपुटले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाई आधीच मान वळवून बसल्या होत्या. मी म्हटलं, हे औषधापाण्याचं काम आहे, यात लाजायचं नाही. त्यांनी टोपी सारखी केली, स्टुलाच्या अगदी कडेला बसले आणि गुन्हा केल्यासारखं एकदा बायकोकडे बघितलं. मी ऑपरेशनच्या खोलीकडे धावले.

परत आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या, चांगल्या शुद्धीत. मुलानं घरून आणलेला डबा न उघडता तसाच होता. यजमान स्टुलावर सरकून खाटेला खेटले होते, कोपर गुडघ्यांवर, मान पुढे, आणि नजर बायकोवर. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं, त्यांचे नातेवाईक, सगळे मजेत हा देखावा बघत होते. सिस्टरनं मला सांगितलं, की चहा आणून दिला तर त्यांनी न बघताच हात पुढे केला, कप धरला आणि न पिताच खाली ठेवला.

मला बघून अक्कांनी पदर तोंडावर ओढला. "बाई, ह्यांना सांगा की आता," त्या म्हणाल्या. "समदा वॉर्ड बघायलाय. मी जागी हाय, बोलतीया, तरी उठंनात."

मी यजमानांना म्हटलं, आता काळजी नाही. औषध उतरलंय. पूर्ण जाग्या असलेल्या माणसाचा श्वास बघावा लागत नाही. जा, घरी जाऊन जेवून या.

त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. नजरही काढली नाही. मग तसंच बघत, दुकानातला हिशेब पक्का करावा तसं त्यांनी मला विचारलं, "घरला न्हेल्यावर बी असंच बघायचं का, बाई? रोज?"

डॉक्टर म्हणून उत्तर अगदी सोपं होतं. गरज नव्हती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझी नजर सवयीनं अक्कांच्या पोटाकडे गेली. तोंडावर पदर होता, पण चादरीखालचं पोट हसून गदगदत होतं. मध्येच त्यांनी पदराआडून एक डोळा काढला आणि माझ्या उत्तराची वाट बघू लागल्या.

"हो," मी म्हटलं. "रोज बघायचं."